भागुबाईचा गुडघा

नाशकात त्या काळी कुणाच्या घरी बाळंतपण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी भागुबाई दारात हजर. बोलावणं धाडायची गरज नसे. बातमी तिला कुठून लागायची, देव जाणे. पदर खोचून न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उभी राहायची आणि पहिला हुकूम सोडायची, "वैनी, दारं लावा. वारं येतंय." दारं आधीच लावलेली असली तरी हुकूम सुटायचाच. मग पाटावर बसून लुगडं वर सारायची, दोन्ही पाय समोर लांब करून एकमेकांना जुळवायची आणि त्या पायांच्या पन्हळीत बाळाला निजवायची. आधी तेल, मग मालिश, मग साय घातलेलं डाळीचं पीठ आणि शेवटी तांब्यातांब्यानं ऊन पाणी. बाळ टाहो फोडायचं, खोलीत बाळंतिणीचा जीव खालीवर व्हायचा आणि भागुबाई आपली खुशाल शेजारच्या घरातल्या भानगडी सांगत बसायची.

भद्रकालीपासून रविवार कारंजापर्यंतची निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हायलेली. ती मोठी झाली, मिशा आल्या, दुकानं चालवू लागली, तरी भागुबाईच्या लेखी उघडीच. भर बाजारात एखादा पागोटेवाला गृहस्थ समोरून आला की सोबतच्या बाईला ती मोठ्यानं सांगायची, "ह्यो लय रडका होता." गृहस्थ मान खाली घालून गल्ली बदलायचा.

मला तिचा रागही यायचा, खोटं कशाला सांगू? माझ्या थोरलीचं नाक तिनं महिनाभर रोज ओढलं. नाक होतं तसंच राहिलं. मी तसं म्हणाले, तर मलाच म्हणते, "नाक तुमच्या मालकांचं हाय वैनी, त्याला मी काय करू?" पण तिच्या हातून न्हालेलं मूल दुपार कलेपर्यंत डोळा उघडत नसे. तेवढ्यासाठी बायका तिचं सगळं बोलणं सोसत.

छत्तीस सालच्या आषाढात माझा गोरक्ष झाला. त्याची अंघोळ उरकून भागुबाई पाटावरून उठत होती. हातात तेलातुपानं गुळगुळीत झालेलं पोर, खाली ओशट फरशी. तिचा पाय सटकला. दुसरी कुणी असती तर हात टेकायला गेली असती. हिनं दोन्ही हात पोरासकट वर धरले आणि उजवा गुडघा सरळ घंगाळाच्या काठावर घेतला. गोरक्षाला काही कळलंसुद्धा नाही. मी धावत गेले तर गुडघ्याच्या खाली चांगलं बोटभर फाटलेलं, रक्त फरशीवर पसरलेलं. "काय नाय झालं, चिंधी द्या," म्हणाली. चिंधी बांधून तिनं पोराला ओव्याची धुरी दिली, टाळूवर तेल घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि मगच लंगडत घरी गेली. त्या बाईची मी जन्मात उतराई होणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

यानंतर तिनं जे केलं ते फक्त तीच करू जाणे. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळं गाव म्हणायचं. मग तो गुण तिनं स्वतःच्या गुडघ्यालाच लावला. सकाळ-संध्याकाळ कोमट तेल जिरवायचं, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचं आणि दात-ओठ खाऊन चोळायचं. सुजला, तर आणखी चोळला. कढत लागायला लागला, तर म्हणाली, गुण येतोय. जखम वरून मिटली, म्हणून मीही खूश झाले. मग एक दिवस तिला हुडहुडी भरून ताप आला आणि मिटलेल्या जागेच्या खाली दुसरंच तोंड फुटून पू वाहू लागला.

तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण होती जहिदा. जहिदाची चारही पोरं भागुबाईच्या पायांवर वाढलेली आणि जहिदाचा नवरा रहेमान टांगा हाकायचा. जहिदा आत आली, तर तापानं फणफणलेली भागुबाई उठून तेलाची वाटी शोधत होती. जहिदानं वाटी हिसकावली.

"ये क्या लावलंय तू? गुडघा आहे का वाळवणाचं पीठ, मळतेस नुसती? चल. रहेमाननं टांगा जुपलाय."

"मला काय दवाखान्यात..."

"तोंड बंद. चल."

भागुबाईला असं बोलणारी नाशकात ती एकटीच. तिनं हिला टांग्यात घातलं, जाता जाता मला घेतलं आणि आम्ही गायधनी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो.

गायधनी डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले, तिशीतले, अंगानं किरकोळ, पण बोलायला करडे. दवाखान्यात बायकांसाठी एक खोली, तिच्यात सहा खाटा. त्यांनी जखमेत चिमटा घालून पाहिलं. चिमटा आत जाऊन कशावर तरी खट् वाजला. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"हाडात पू झालाय. नडगीचं वरचं टोक सडतंय, गुडघ्याच्या अगदी खाली. चोळत होता?"

"चोळनार नायतर काय? तुला पन चोळलाय म्या. तुझ्या पाठीवर तीळ कुठं हाय ते सांगू का?"

खाटांवरच्या बायका खुसखुसल्या. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले, पण हटले नाहीत. "बाळाला चोळता तेव्हा त्याच्या हाडात पू नसतो, भागुबाई. इथं तुम्ही तो चोळून चोळून पसरवलात. मी उघडून मेलेलं हाड काढतो. पाय वाचेल असं वाटतं. गुडघ्याचं मात्र सांगता येत नाही. आखडेल."

पाय जाईल म्हटलं असतं तरी ती घाबरली नसती, इतकी 'आखडेल' या शब्दाला घाबरली. कारण तिची एकुलती एक लेक सिंधु चांदवडला दिलेली. बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून, तिला नुकते दिवस गेले होते. माघात बाळंत व्हायची होती. जहिदाचा हात घट्ट धरून भागुबाई म्हणाली, "साऱ्या गावची पोरं म्या न्हाऊ घातली. आन् माझ्या नातवाला कुसाबाईनं घालायचं व्हय?"

कुसाबाई म्हणजे गंगेपलीकडे पंचवटीत राहणारी दुसरी न्हाऊ घालणारी. वाईट नव्हती बिचारी. पण भागुबाईच्या मते ती पोरं धूत नसे, भांडी घासत असे.

गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरांनी गुडघ्याखालचं हाड उघडलं. खोबऱ्याच्या कपच्यांसारखे मेलेल्या हाडाचे तुकडे काढले, पोकळी स्वच्छ करून व्हॅसलीन माखलेल्या पट्ट्यांनी भरली आणि जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढवलं. हल्लीसारखं सुई टोचली की पू आटला, असं औषध तेव्हा नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आता हे दीड-दोन महिने कुणी उघडायचं नाही. आत घाण वाटेल, वास येईल, येऊ द्या. हाड स्वस्थ पडून राहिलं तरच भरतं."

वास म्हणजे काय वास! पंधरा दिवसांत त्या खोलीत पाऊल टाकवेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. भागुबाईनं आयुष्यभर बाळांच्या खोल्या सुगंधी ठेवलेल्या. तिला हा अपमान सहन होईना. तिनं जहिदाकडून शेगडी मागवली, ओवा आणि धूप मागवला आणि प्लास्टरच्या पायाला सकाळ-संध्याकाळ बाळासारखी धुरी द्यायला सुरुवात केली. डॉक्टर फेरीला आले तर खोलीभर धूर, त्यात सहा बायका खोकताहेत आणि हसताहेत.

"हा काय प्रकार आहे?"

"वास तुझ्या पट्टीचा, धुरी माझी," भागुबाई म्हणाली. "तू तुझं काम कर."

डॉक्टरांनी शेगडी पायापासून लांब सरकवली, पण बंद केली नाही. दवाखान्याबाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, आत कुणी तरी बाळंत झालंय.

दसऱ्याच्या सुमाराला प्लास्टर बदललं, दिवाळीनंतर कायमचं काढलं. जखम आतून लालबुंद मांस धरून भरून आली होती. पुवाचा टिपूस नव्हता. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटावेत इतके ते खुशीत होते. पण भागुबाईनं आपला पाय पाहिला आणि तिचं तोंड कडू झालं. मांडी वाळून काठी झालेली. गुडघा थोडासा वाकलेल्या अवस्थेत तसाच धरून बसलेला, पुढेही जाईना आणि मागेही.

"ह्ये वाकडं कुनी केलं?"

"मीच. असा थोडा वाकवूनच प्लास्टर घालतात. आखडला तरी चालायला बरं पडतं."

"चालायला?" ती ओरडली. "अन् बाळ ठेवू कुठं? एक पाय खाली, एक वर. घरंगळंल की ते!"

"भागुबाई, पाय चालण्यासाठी असतो."

"तुझा असंल!"

 डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले, दोन्ही पाय लांब करून त्यावर तान्हं मूल कसं निजवतात ते त्यांनी तिच्याकडून नीट समजून घेतलं. मग तिच्या गुडघ्याखाली हात घालून पाहिला. तळवा सहज आत जात होता. म्हणाले, "हा हात जाईनासा झाला म्हणजे पाय सरळ झाला. होईलच असं वचन देत नाही. पण प्रयत्न माझ्या पद्धतीनं. गुडघ्याला हात लावायचा नाही. चोळायचा नाही, ओढायचा नाही. मांडी आवळून गुडघा तुमचा तुम्ही गादीत दाबायचा. दुसऱ्याच्या जोरानं हलवला तर आतलं पुन्हा चिघळेल."

जन्मभर दुसऱ्याचे हातपाय ओढलेल्या बाईला स्वतःच्या गुडघ्याला हात लावायची बंदी! नजर चुकवून तिचा हात तिकडे जायचाच. शेवटी डॉक्टरांनी तिला कापूस आणून दिला आणि दिवसभर वाती वळायला सांगितलं, म्हणजे हात गुंतून राहतील. त्या हिवाळ्यात आमच्या सगळ्यांच्या देवघरांत भागुबाईच्या वाती जळत होत्या. प्रत्येक वातीमागे एकदा गुडघा गादीत दाबलेला. दाबताना ती डॉक्टरांना जे काही म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दाबून झालं की गुडघ्यावर वजन म्हणून रेतीची पिशवी ठेवायची होती. ती काही तिला मानवेना. "मेल्यावानी पडून ऱ्हातीया," म्हणायची आणि ढकलून द्यायची. मग जहिदानं एक दिवस पिशवीतून काय आणलं, तर भागुबाईच्याच घरचा दगडी वरवंटा! त्याला स्वच्छ धुऊन, पुसून, माझ्या गोरक्षाचं जुनं टोपडं घातलेलं. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, तो जहिदानं शेजारपाजारच्या घरी कितीदा पाहिला होता.

"घे तेरा नातू. इसको न्हाऊ घाल," ती म्हणाली.

भागुबाईचे डोळे लकाकले. तिनं पाय जुळवले आणि वरवंट्याला दोन पायांच्या मध्ये आडवा निजवला. तो क्षणभर राहिला, मग वाकड्या गुडघ्यावरून कलला आणि धाडकन फरशीवर. टोपडं एकीकडे, वरवंटा खाटेखाली. सगळी खोली खो-खो हसली. भागुबाई मात्र हसली नाही. "माझ्या पायावरनं पोर पडलं नाय कधी. आन पुन्हा," म्हणाली.

त्यानंतर रेतीच्या पिशवीचं नाव कुणी काढलं नाही. वरवंट्याच्या भारानं गुडघा हळूहळू खाली दबायचा आणि तो घरंगळला की अजून किती बाकी आहे ते कळायचं. शेजारच्या बाईनं भिंतीकडचं तोंड वळवून या खेळात भाग घेतला. वरवंटा पडला की तीच पहिली ओरडायची. पुढे बायकांनी त्याचं बारसंच केलं. घुगऱ्या वाटल्या, खंडेराव असं नाव ठेवलं. डॉक्टर फेरीला आले की आधी "खंडेराव कसे आहेत?" विचारायचे. पिशवीपेक्षा वरवंटा बरा, हे त्यांनी मान्य केलं, फक्त फरशीचा कोपरा उडाल्याबद्दल कुरकुर केली.

पौषात भागुबाई घरी आली. काठी घेऊन चालायची. गुडघा वाकायला मात्र तयार नव्हता, खुर्चीवर कसंबसं बसता येई एवढंच. ती डॉक्टरांच्या मागेच लागली, "मला भूल दे आन् मोड एकदाचा. म्या लय जनांचे मोकळे केलेत."

डॉक्टर त्या दिवशी रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "जोर लावला आणि हाडातला पू जागा झाला, तर या खेपेला मला पाय कापावा लागेल. सरळ करून देण्याचा प्रयत्न मी करतोय. सरळही आणि वाकताही, असा गुडघा आता माझ्याकडे नाही, भागुबाई."

त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून टांग्यानं परतलो. घरापाशी उतरल्यावर मला म्हणाली, "वैनी, मांडी घालून बसनं गेलं. चुलीम्होरं बसनं गेलं. देवाम्होरं गुडघा टेकनं गेलं. सरळ तरी होऊ दे."  मला रडू आलं आणि तिनंच मला गप्प केलं.

माघात सिंधु माहेरी येऊन बाळंत झाली. मुलगी झाली, काळीसावळी, डोक्यावर भरपूर जावळ. भागुबाईच्या गुडघ्याखाली अजून दोन बोटं जात होती. नाइलाजानं कुसाबाईला बोलवावं लागलं.

ते दिवस मला आठवतात आणि आजही हसू येतं. मोरीत कुसाबाई न्हाऊ घालायची आणि बाहेर खाटेवर भागुबाई वरवंटा पायांवर घेऊन, मान ताणून ऐकत बसायची. "पानी लय गार हाय." "कानात चाललं, कानात!" "पाठीला पीठ लावलं का नाय?" कुसाबाई बिचारी सगळं ऐकून घ्यायची. एकदाच आतून म्हणाली, "भागुबाय, मलाबी चार लेकरं हायेत." त्यावर हिनं गुडघा आणखी जोरानं दाबला. रात्रंदिवस मांडी आवळणं चालू होतं. ताट समोर आलं की दाबतेय, कुणाशी बोलतेय तरी दाबतेय. सिंधु म्हणायची, "आई, नको गं एवढं. कुसामावशी नीट घालते." तेव्हा भागुबाई तोंड फिरवायची.

बारशाच्या आदल्या दिवशी डॉक्टर स्वतः घरी आले. गुडघ्याखाली हात घालायला गेले, तर हात जाईना. एक बोट घालून पाहिलं, तेही जाईना. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग उभे राहून म्हणाले, "झाला. उद्या खऱ्या बाळाला घ्या." भागुबाईनं त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. एवढा मोठा डॉक्टर, पण लहान मुलासारखा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पाट मांडला. खाली बसणं तिला एकटीला जमणार नव्हतं. उजवा पाय सरळ पुढे ठेवून, एका बाजूनं जहिदा आणि दुसऱ्या बाजूनं मी, असं आम्ही तिला धरून बसवलं. कुसाबाईनं पाणी कालवून दिलं आणि भागुबाईनं तेही निमूटपणे घेतलं. तिनं पाय लांब केले, जुळवले. दोन्ही अगदी एका पातळीत. सिंधुनं लेक आणून त्या पन्हळीत निजवली. आम्ही सगळ्याजणी श्वास रोखून उभ्या. पोरगी जागची हलली नाही.

भागुबाईनं तेल घेतलं. छाती, पाठ, हात. पोरगी आधी किंचाळली, मग हुंकारू लागली, मग गप्प झाली. भागुबाईच्या तोंडी आज शेजारच्या घरची एकही भानगड नाही, पाण्यावरून कुणाला बोलणं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात तेलाचे होते.

मग ती पायांवर आली. इवल्याशा पोटऱ्या चोळून झाल्यावर तिनं नातीचा एक पाय धरला आणि गुडघ्यात दुमडून पोटाशी नेला. तो काही न कुरकुरता पोटाला जाऊन टेकला. तिनं तो सरळ केला, पुन्हा दुमडला, पुन्हा टेकला. ती त्याच्याकडे बघतच राहिली आणि एकदम हसायला लागली, अगदी मोकळं, खदखदून. त्या हादऱ्यानं पायांवरची पोरगी हलू लागली आणि तिला काय मजा वाटली कोण जाणे, ती टकामका बघायला लागली.

"आई, काय झालं गं?" सिंधुनं घाबरून विचारलं.

"काय नाय. माझ्या वाटनीचंबी हिनंच वाकावं," भागुबाई म्हणाली आणि तिनं दुसरा गुडघा हातात घेतला.